ग्रामीण इंग्लंडमधील पॅरिश-दप्तर आणि सामान्य कुटुंबांचा इतिहास

इंग्लंडमधील सरदार व जमीनदार घराण्यांच्या वंशावळी पूर्वापार जपल्या गेल्या. शेतमजूर, विणकर, सुतार किंवा मोलकरीण यांच्या घराण्यांना अशी वंशावळ नव्हती. असे असूनही अनेक सामान्य ग्रामीण कुटुंबांचा माग सोळाव्या शतकापर्यंत काढता येतो, याचे श्रेय पॅरिशच्या दप्तराकडे जाते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीत येणारे गाव व त्याच्या वाड्यावस्त्या. पुढे गरिबांचे पोषण आणि रस्त्यांची दुरुस्ती ही कामेही याच घटकाकडे आली. या दुहेरी भूमिकेमुळे त्याचे दप्तरही दोन प्रकारचे झाले : एक धर्मविधींचे, दुसरे खर्चाचे. कुटुंबाचा इतिहास शोधणारे बहुतेक जण पहिल्यावरच विसंबतात. गरीब कुटुंबांच्या बाबतीत मात्र दुसरे दप्तर अधिक बोलके आहे.

सप्टेंबर 1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश काढला. आरंभीच्या नोंदी बहुधा कागदावर होत्या व त्यातील पुष्कळशा नष्ट झाल्या. 1598 मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्राच्या वहीत नकलून घेण्याचे ठरले. परंतु विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदी नकलाव्यात, अशी शब्दयोजना असल्याने अनेक धर्मगुरूंनी त्यापूर्वीच्या वीस वर्षांचे कष्ट वाचविले. अनेक नोंदवह्या 1558 पासून सुरू होतात, त्याचे कारण हे आहे. वर्षभराच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे पाठविण्याची पद्धतही याच आदेशाने पक्की झाली. मूळ वही ओलीने किंवा उंदरांनी नष्ट झाली असेल, तर या प्रती उपयोगी पडतात.

या नोंदवहीचे स्वरूप नीट ध्यानात घ्यावे लागते. तीत जन्म नव्हे तर बाप्तिस्मा आणि मृत्यू नव्हे तर दफन नोंदले जाई. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेले मूल तीत बहुधा येत नाही. अँग्लिकन चर्चपासून फारकत घेतलेल्या पंथांची मुलेही अनेकदा येत नाहीत. त्या पंथांच्या स्वतंत्र वह्या 1837 नंतर सरकारने मोठ्या प्रमाणावर गोळा केल्या व त्या आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. यादवी युद्धाच्या व त्यानंतरच्या काळात, 1642 पासून 1660 पर्यंत, अनेक ठिकाणी नोंदी विस्कळीत झाल्या. कालगणनेचा प्रश्न तर नवख्या अभ्यासकाला हमखास चकवितो. 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये नवे वर्ष 25 मार्चला सुरू होई. एखाद्या जोडप्याचा विवाह एप्रिल 1700 मध्ये आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1700 मध्ये नोंदलेला दिसला, तर मूल विवाहापूर्वीचे ठरवण्याची घाई होते. वस्तुतः तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने 1701 चा असतो.

1754 मध्ये अमलात आलेल्या हार्डविक यांच्या विवाह कायद्यामुळे वधू-वर आणि साक्षीदार यांच्या सह्या किंवा अंगठ्याऐवजी केलेल्या फुल्या मिळू लागल्या. 1813 पासून छापील नमुन्यात पित्याचा व्यवसाय व राहण्याचे ठिकाण, तर दफनाच्या नोंदीत वयही आले. त्यापूर्वीची नोंद पुष्कळदा एका ओळीची असे : मुलाचे नाव, पित्याचे नाव, आणि आईचे नाव असलेच तर माहेरच्या आडनावाविना.

खरा धोका या एका ओळीत आहे. जॉन, विल्यम, थॉमस ही नावे घरोघरी असत. शिवाय एखादे मूल दगावल्यास तेच नाव पुढच्या भावंडाला देण्याची रीत होती. म्हणून शोध नेहमी अलीकडून पलीकडे न्यावा लागतो. 1851 च्या जनगणनेत प्रत्येकाचे जन्मस्थान म्हणून पॅरिशचे नाव दिलेले आहे. तेथून बाप्तिस्म्याकडे जाता येते. जुळणारी नोंद सापडली, तरी त्याच नावाचे मूल पुढे दफनांच्या यादीत नाही ना, हे पाहिल्यावाचून ती स्वीकारू नये. ही तपासणी न केल्याने अनेक वंशावळी बालपणीच दगावलेल्या मुलांपासून सुरू झालेल्या आढळतात.

दुसऱ्या प्रकारच्या दप्तराचे मूळ 1601 च्या गरीब कायद्यात आहे. या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांच्या पोषणाचा भार टाकला. साहजिकच ‘आपले’ कोण, हा प्रश्न पैशाचा झाला. 1662 च्या वस्तीहक्काच्या कायद्याने मदतीची वेळ येईल असा संशय असलेल्या नवागताला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठविण्याचा अधिकार दिला. पुढे अविवाहित नोकराला सलग एक वर्षाच्या चाकरीने वस्तीहक्क मिळू लागला, तेव्हा काही शेतकरी मजुराला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवू लागले. विवाहित स्त्रीला पतीचा वस्तीहक्क मिळे. अनौरस मुलाला मात्र सामान्यतः जन्मस्थानाचा. त्यामुळे अविवाहित गर्भवतीला प्रसूतीपूर्वीच हद्दीबाहेर काढण्याची धडपड होई. केवळ संशयावरून लोकांना हाकलण्याची ही प्रथा 1795 मध्ये थांबली. तोपर्यंत या व्यवहाराने शेकडो गावांत कागदांचे ढीग रचले होते.

या कागदांतील वस्तीहक्क-तपासणी हा प्रकार विशेष मोलाचा आहे. दोन न्यायाधीशांसमोर मजूर शपथेवर सांगे : जन्म कोठे झाला, उमेदवारी कोणाकडे केली, कोणाच्या शेतावर किती मजुरीवर राहिला, लग्न कोठे झाले, मुलांची नावे व वये काय. सधन शेतकऱ्याला असा जबाब कधीच द्यावा लागला नाही. परिणामी, निरक्षर मजुराचे अर्धे आयुष्य त्याच्याच तोंडून कळते आणि त्याच्या मालकाविषयी नोंदवहीतील तीन ओळींपलीकडे काही हाती लागत नाही. माणसाला गावाबाहेर घालविण्यासाठी केलेला कागदच आज त्याच्या वंशजांना गावापर्यंत आणतो.

दोन्ही दप्तरांतील फरक डेव्हन परगण्यातील कॉलिटन या पॅरिशच्या अभ्यासातून चांगला कळतो. तेथील नोंदवही 1538 पासून उपलब्ध आहे. ई. ए. रिग्ली यांनी बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी जोडून तेथील कुटुंबांची पुनर्रचना केली व 1966 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1645–46 च्या प्लेगमध्ये गावाची सुमारे एक पंचमांश वस्ती मृत्युमुखी पडली. त्यानंतर स्त्रियांचे पहिल्या विवाहाचे सरासरी वय सुमारे 27 वरून 30 च्या आसपास गेले. जोडपी अपत्यसंख्या जाणीवपूर्वक मर्यादित ठेवत असावीत, असे रिग्ली यांनी मांडले. ही पद्धत मोलाची असली तरी तिच्या चौकटीत प्रामुख्याने गावातच लग्न करून तेथेच राहिलेली माणसे बसतात. गाव सोडून गेलेला तरुण बाप्तिस्म्याच्या ओळीनंतर दिसेनासा होतो. अशा काहींचा पुढचा माग दूरवर लागतो. मुंबई इलाख्यातील ब्रिटिश शिपायांच्या व कारकुनांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. ब्रिटिश लायब्ररीतील त्या मालिकेचा आरंभ 1709 पासून होतो.

पॅमेला शार्प यांनी 2002 मधील ग्रंथात कॉलिटनच्या या पुनर्रचनेला गरीब-मदतीच्या व अन्य कागदपत्रांची जोड दिली. तरुण पुरुष बाहेर पडत होते आणि लेस विणण्याच्या कामावर अनेक स्त्रिया गावात पोट भरत होत्या, हे त्यातून पुढे आले. अशा अविवाहित स्त्रीच्या वाट्याला नोंदवहीत बाप्तिस्मा आणि दफन या दोनच ओळी येतात. पॅरिशच्या मदतखर्चाच्या हिशेबात मात्र अशाच स्त्रियांच्या नावावर घरभाडे, सरपण, जोडे आणि अखेरीस शवपेटी यांसाठी दिलेली रक्कम पेनीपर्यंत लिहिलेली सापडते.