‘गोठणविरोधी’ प्रथिने : एका संज्ञेचा विचार

अंटार्क्टिकाजवळील मॅक्मर्डो उपसागराचे पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड असते; सामान्य माशाचे रक्त त्यापूर्वीच गोठावयाचे. तेथील माशांना तारणारी शर्करायुक्त प्रथिने आर्थर डीव्रीझ व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये उजेडात आणली. त्यांना ‘गोठणविरोधी’ म्हणण्याची रूढी आहे. परंतु नावावरून कार्याचा तर्क करणारा विद्यार्थी येथे फसतो. मीठ कणसंख्येच्या प्रमाणात पाण्याचा गोठणबिंदू उतरविते. ही प्रथिने हिमाच्या सूक्ष्म स्फटिकालाच चिकटतात. चिकटलेल्या रेणूंच्या मधल्या जागेतून हिमाला फुगवटा धरूनच वाढावे लागते, आणि अशा वक्र पृष्ठावर पाणी गोठण्यास अधिक थंडी लागते. म्हणून वाढ थांबते. वितळबिंदू मात्र जवळजवळ तसाच राहतो. सारांश, ‘हिमबंधक’ हीच संज्ञा अधिक यथार्थ होय.