यलोस्टोनचा हिवाळा आणि स्नोमोबिलची वाट

मराठीत आकाशातून भुरभुरणाऱ्या पांढऱ्या कणांना बर्फ म्हणतात आणि तळ्यावर गोठलेल्या काचेसारख्या थरालाही बर्फच म्हणतात. सह्याद्रीच्या छायेत वाढलेल्या भाषेला याहून सूक्ष्म भेद करण्याची गरज पडली नाही. स्नोमोबिलवर बसणाऱ्याला मात्र हा भेद पदोपदी करावा लागतो, कारण पहिला प्रकार त्याला तोलून धरतो आणि दुसरा त्याला घसरवतो, प्रसंगी गिळूनही टाकतो. म्हणून या लेखापुरते मऊ, पडणारे ते हिम आणि कठीण, गोठलेला तो बर्फ असे मानू.

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी मित्रमंडळींच्या हिवाळी बेतांत यलोस्टोनचे नाव आता वरचेवर निघते. उन्हाळ्यात मोटारींच्या रांगांमागून पाहिलेले हे उद्यान डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत अगदी निराळे होते. उत्तर प्रवेशद्वारापासून ईशान्येकडे जाणारा एक रस्ता वगळता आतले मार्ग मोटारींसाठी बंद असतात. त्यांवरचे हिम हटवले जात नाही, उलट यंत्राने दाबून सपाट केले जाते, आणि त्यावरून स्नोमोबिल किंवा स्नोकोच ही दोनच वाहने धावतात. माँटाना राज्यातील वेस्ट यलोस्टोन या गावातून निघाले की मॅडिसनचा तिठा १४ मैलांवर आणि तेथून ओल्ड फेथफुल १६ मैलांवर. जाऊन-येऊन साठ मैल. मोटारीच्या हिशेबाने हे अंतर किरकोळ वाटते, पण थांबत, पाहत, गारठत जाताना त्याला अख्खा दिवस लागतो.

या यंत्राचा जन्म करमणुकीतून झालेला नाही. क्यूबेक प्रांतातील व्हालकूर गावचा मेकॅनिक जोसेफ-आर्मान बोंबार्दिए हिमावर चालणारे वाहन बनवण्याच्या खटपटीत पोरवयापासून होता. १९३४च्या जानेवारीत त्याचा लहानगा मुलगा पोटातील संसर्गाने अत्यवस्थ झाला. रस्ते हिमाखाली बुजलेले होते, रुग्णालय दूर होते आणि मुलाला तेथवर नेता आले नाही. पुढे दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांच्या जोडणीचे पेटंट त्याने १९३७मध्ये मिळवले. त्याच्या सुरुवातीच्या सात आसनी गाड्या डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुले यांची ने-आण करू लागल्या. क्यूबेकमध्ये हिवाळ्यातही रस्ते मोकळे ठेवले जाऊ लागल्यावर या मोठ्या गाड्यांची मागणी घटली, आणि १९५९मध्ये त्याने एक-दोन माणसांची हलकी ‘स्की-डू’ बाजारात आणली. दरम्यान मिनेसोटातील रोझो गावी पोलॅरिस कंपनीनेही अशी यंत्रे बनवायला आरंभ केला होता. आज आपण सहलीसाठी भाड्याने घेतो ते यंत्र या दोन धारांचेच अपत्य आहे.

त्याची रचना समजून घेतली तर पहिल्या तासातील निम्मी भीती जाते. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा आणि मध्ये इंजिन. गिअर बदलावे लागत नाहीत, कारण दोन पुल्यांवरून फिरणारा एक पट्टा वेगानुसार आपोआप जागा बदलतो. वेग वाढवायचा तो उजव्या अंगठ्याने एक खटका दाबून, आणि ब्रेक असतो डाव्या हाताशी. स्कूटरवर वाढलेल्या आपल्या पिढीची येथे हमखास गफलत होते: मूठ पिळून काहीच घडत नाही आणि घाबरून हँडल आवळले की अंगठा आपसूक खटका दाबतो. म्हणून प्रत्येक यंत्राला एक दोरी असते, तिचे टोक कोटाला अडकवायचे. स्वार पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. ती न अडकवता निघणारा माणूस आपल्या गटात असेल तर त्याला पुढे जाऊ देऊ नये. प्रवासी बनावटीचे यंत्र पाव टनाहून अधिक वजनाचे असते. वळणावर केवळ हँडल फिरवून ते वळत नाही, शरीराचा भार आतल्या बाजूला द्यावा लागतो. आणि ते आडवे होऊ लागले तर पाय बाहेर काढून टेकवण्याचा दुचाकीवरचा प्रतिक्षिप्त हिसका महागात पडतो. पाय यंत्राखाली सापडतो.

आता उद्यानाचे नियम. ते कडक का आहेत, हे त्यांच्या इतिहासावरून कळते. खासगी स्नोमोबिल येथे पहिल्यांदा १९६३मध्ये आल्या. नव्वदच्या दशकापर्यंत गर्दीच्या दिवशी त्यांची संख्या हजारावर जाऊ लागली. त्या काळची दोन-स्ट्रोक इंजिने तेल मिसळलेले पेट्रोल जाळत आणि त्यातील काही भाग न जळताच धुरावाटे बाहेर सोडत. पश्चिम प्रवेशद्वारावर निळसर धूर इतका साचे की तिकीट देणाऱ्या रेंजरांच्या खोकीत बाहेरून ताजी हवा पंपाने सोडावी लागे. जगातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारात ही अवस्था! क्लिंटन प्रशासनाने अखेरीस स्नोमोबिल टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले, पुढच्या प्रशासनाने तो निर्णय फिरवला, वॉशिंग्टन आणि वायोमिंग येथील न्यायालयांनी एकमेकांशी न जुळणारे निवाडे दिले, आणि दशकभराच्या या ओढाताणीनंतर २०१३मध्ये आजची नियमावली आली.

तिचे मर्म असे की एकेक यंत्र मोजण्याऐवजी गट मोजायचे. एक स्नोकोच किंवा स्नोमोबिलचा एक गट म्हणजे एक फेरी, आणि साऱ्या उद्यानात मिळून दिवसाला अशा फेऱ्या कमाल ११०. त्यांतही स्नोमोबिलच्या फेऱ्या निम्म्याहून कमी. एका गटात दहापेक्षा जास्त यंत्रे नकोत. यामागचा विचार मला पटतो. रानगव्यासारख्या देहाच्या बायसनला पाच यंत्रे एकदम गेली काय किंवा आठ गेली काय, त्रास एकदाच होतो, पण तीच यंत्रे दर दहा मिनिटांनी एकेक करून गेली तर त्याला दिवसभर उसंत नाही. शिवाय धूर आणि आवाज यांची मर्यादा पाळणारी ठरावीक चार-स्ट्रोक यंत्रेच आत येऊ शकतात. कमाल वेग ताशी ३५ मैल. चालवणाऱ्याकडे मोटारीचा वैध परवाना हवा, शिकाऊ परवाना चालत नाही.

बहुतेक गट व्यावसायिक वाटाड्याबरोबर जातात. त्याखेरीज एक दुसरी वाट आहे, जी आपल्या मंडळींना फारशी ठाऊक नसते. चारही प्रवेशद्वारांवर दररोज एकेका बिगर-व्यावसायिक गटाला, जास्तीत जास्त पाच यंत्रांसह, वाटाड्याशिवाय प्रवेश मिळतो. त्यासाठी हिवाळ्याच्या कितीतरी आधी सोडत निघते, आणि चालवणाऱ्यांना ऑनलाइन शिक्षणक्रम पूर्ण करावा लागतो. स्वस्त म्हणून हा मार्ग मोहक आहे, परंतु त्यात गटनायक आपल्यापैकीच कोणीतरी असतो. मित्रांमध्ये नायकाचे ऐकण्याची सवय कितपत आहे, हे ज्याने त्याने ठरवावे. पहिल्या खेपेला वाटाड्या घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

गटाने चालण्याची एक साधी शिस्त आहे. वाटाड्याच्या लगेच मागे सर्वांत नवखा, आणि शेवटी सर्वांत अनुभवी. प्रत्येकाची जबाबदारी आपल्या मागच्यावर. तो आरशात दिसेनासा झाला की थांबायचे, म्हणजे साखळी आपोआप पुढपर्यंत थांबते. आमच्या सात जणांच्या गटात हे ठरवायला न्याहारीची पंधरा मिनिटे गेली, कारण आपण नवखे आहोत हे कोणीच कबूल करीना. शेवटी वाटाड्यानेच प्रत्येकाला उभे राहण्याची जागा दाखवली आणि प्रश्न मिटला.

खरा धोका थंडीचा आहे, आणि तो आकडेवारीने समजून घ्यावा. हवामान खात्याच्या तक्त्यानुसार शून्य अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, ताशी ३५ मैलांचा वारा लागला तर उघड्या त्वचेला ती हवा उणे ३३ सेल्सिअससारखी जाणवते, आणि अर्ध्या तासात त्वचा गोठू शकते. स्नोमोबिलवर हा वारा आपण स्वतःच निर्माण करतो. बाहेर झाडाचे पान हलत नसले तरी आपल्याला वारा आहेच. याच पश्चिम प्रवेशद्वाराजवळ ९ फेब्रुवारी १९३३ रोजी उणे ५४ सेल्सिअसची नोंद झाली होती. एरवी जानेवारीतील सकाळ इतकी क्रूर नसते, पण उणे २५ला तेथे कोणी बातमी म्हणत नाही.

भाड्याच्या यंत्राबरोबर जाड सूट, बूट आणि शिरस्त्राण बहुधा मिळते. आतले कपडे मात्र आपले, आणि चूक तेथेच होते. सुती बनियन घामाने ओली होते आणि दिवसभर ओलीच राहून अंगाची ऊब शोषत राहते. तिच्या जागी लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर हवा. दोन जाड मोजे घालून बूट घट्ट करणेही वाईट, कारण रक्तप्रवाह दबला की बोटे लवकर गारठतात. कानातल्या कुड्या, डूल, कडी सकाळीच काढून ठेवावीत; धातू थंडी थेट कानाच्या पाळीत पोचवतो. चष्मेवाल्यांनी विजेवर तापणारी काच असलेले शिरस्त्राण मागून घ्यावे, नाहीतर आपल्याच श्वासाने आंधळे होण्याची पाळी येते. मित्राच्या नाकावर किंवा गालावर पांढरट, मेणचट डाग दिसला आणि त्याला तेथे स्पर्श कळेना, तर ती गोठण्याची सुरुवात समजावी. तेथे हिम चोळायचे हा जुना समज घातक आहे, चोळायचे काहीच नाही. उघडा तळहात त्यावर धरून ऊब द्यावी आणि वाटेतल्या शेकघरात पोचावे. संक्रांतीच्या सुमारास जाणाऱ्यांनी तिळाच्या वड्या खिशात आतल्या बाजूला ठेवाव्यात. बाहेरच्या पिशवीत त्या अशा गोठतात की दात शाबूत राहिले तर नशीब.

बायसन रस्त्यावर येतात, कारण दाबलेल्या वाटेवर चालायला त्यांनाही कमी श्रम पडतात. हिवाळ्यात हा प्राणी डोके डावी-उजवीकडे फिरवून हिम उकरतो आणि खालच्या सुकल्या गवतावर जेमतेम गुजराण करतो. शरद ऋतूत साठवलेली चरबी वसंतापर्यंत पुरवायची असते. यंत्राला बुजून तो शंभर पावले धावला, तर तेवढी शिल्लक त्याच्या खात्यातून गेली. कळप समोर आला की बाजूला थांबावे आणि निदान २५ यार्डांचे अंतर राखावे. लांडगे दिसले तर १०० यार्डांचे. कळप कोठे वळतो ते वाटाड्या ओळखतो, तोवर मुकाट बसून राहावे. यंत्रे बंद झाल्यावर कानावर येतो तो त्यांच्या श्वासाचा आणि खुरांखाली चुरणाऱ्या हिमाचा आवाज. त्यांच्या दाढ्यांना लोंबणारे बर्फाचे मणी अगदी जवळून दिसतात. आमच्या गटातील सदैव बोलणारा मित्र त्या दहा मिनिटांत एक शब्द बोलला नाही.

उद्यानाबाहेरची गोष्ट वेगळी आहे. वेस्ट यलोस्टोनभोवतीच्या राष्ट्रीय वनांत शेकडो मैलांच्या वाटा आहेत, तेथे वाटाड्याची सक्ती नाही आणि यंत्रे अधिक चपळ. तरुण मंडळींना साहजिकच तिकडे ओढ असते. तेथे हिमलोटाचा धोका खराखुरा आहे. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक, आणि लोट बहुधा स्वार स्वतःच सोडतो. बोझमनच्या हिमलोट केंद्राचा त्या दिवशीचा अंदाज वाचल्याशिवाय चढाकडे वळू नये. उतारावर एका वेळी एकच यंत्र असावे, आणि उताराच्या पायथ्याशी घोळक्याने थांबून छायाचित्रे तर मुळीच काढू नयेत. संकेत पाठवणारे उपकरण, शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाच्या पाठीवर हवे, यंत्रावर बांधलेले नव्हे. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्याची मोठी आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते, आणि तेवढ्या वेळात त्याच्यापर्यंत पोचू शकतात ते फक्त बरोबरचे मित्र. मिनेसोटा, विस्कॉन्सिनच्या वाचकांना हिमलोटाऐवजी गोठलेली तळी जपावी लागतात. मिनेसोटाचे निसर्गसंपदा खाते स्नोमोबिलसाठी किमान ५ ते ७ इंच नव्या, पारदर्शक बर्फाची शिफारस करते. पांढरट बर्फ त्याहून कमकुवत असतो, आणि ओढा येऊन मिळतो तेथे कोणतीच जाडी भरवशाची नाही.

एक रुक्ष पण महत्त्वाची बाब म्हणजे विमा. भारतातून आलेल्या आईवडिलांना हौसेने मागे बसवण्याआधी त्यांच्या प्रवासी विम्यातील वगळलेल्या बाबींची यादी वाचावी. यांत्रिक वाहनांवरील साहसी खेळ तेथे बरेचदा सापडतात. बोझमनचे मोठे रुग्णालय वेस्ट यलोस्टोनपासून सुमारे ९० मैलांवर आहे, आणि उद्यानात मोबाइलचा संदेश बहुतेक ठिकाणी मिळत नाही. भाड्याच्या यंत्राचे नुकसान आपल्या मोटारविम्यात बसत नाही असेच धरून चालावे आणि दुकानदाराच्या करारातील नुकसानभरपाईची कमाल रक्कम सही करण्यापूर्वी विचारावी. ज्यांचे गुडघे किंवा पाठ दुखते त्यांच्यासाठी, लहान मुलांसाठी आणि सत्तरी गाठलेल्यांसाठी स्नोकोच उत्तम. ती उबदार असते, खिडक्या मोठ्या असतात, आणि ओल्ड फेथफुलला दोन्ही गट दुपारी एकत्र भेटू शकतात. तेथले फवारे साधारण दीड तासाच्या अंतराने उसळतात. थंड हवेत वाफेचा स्तंभ उन्हाळ्यापेक्षा कितीतरी उंच आणि दाट दिसतो, आणि वारा आपल्या दिशेने असला तर तिचे तुषार भुवयांवर उतरताच गोठतात. पुढच्या फवाऱ्याची अंदाजे वेळ तेथेच लावलेली असते. ती पाहूनच जेवायला बसावे.