मोशे गाजला, योसेफ मागे राहिला

अमेरिकेतील ड्रीमवर्क्स या चित्रसंस्थेने पवित्र शास्त्रातील कथांवर दोन ॲनिमेशनपट काढले. त्यांतील पहिला, ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’, मोशेच्या चरित्रावर आधारलेला असून तो १८ डिसेंबर १९९८ रोजी, ऐन नाताळच्या तोंडावर प्रदर्शित झाला आणि देशोदेशी गाजला. दुसरा, ‘जोसेफ: किंग ऑफ ड्रीम्स’, याकोबपुत्र योसेफाच्या चरित्रावरचा. तो ७ नोव्हेंबर २००० रोजी बाहेर पडला. परंतु त्याचे नावही आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानी आले नसेल. घर एकच, शास्त्र एकच, मिसर देशही एकच आणि मधले अंतर जेमतेम दोन वर्षांचे. असे असता एकाचा एवढा बोलबाला व्हावा आणि दुसऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहू नये, हे कसे घडले?

कार्टून म्हणजे पोरांचा खेळ, त्याची चिकित्सा या पानांवर कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. परंतु आपल्या घरातील पाचसहा वर्षांचे मूल आमच्या प्रवचनातून जेवढे घेते त्याहून कितीतरी अधिक ते हलत्या चित्रांतून घेते, हे कोणत्याही आईला ठाऊक आहे. मग ती चित्रे कोणती असावीत हे कोण ठरवते? पुष्कळ वेळा आपण ठरवत नाही, बाजार ठरवतो. बाजाराने मागे टाकलेल्यांत एखादी चांगली वस्तू राहून गेली असेल, तर ती उचलून पाहणे हे आम्ही कर्तव्यच समजतो.

प्रथम या घराची ओळख करून घ्यावी. स्टीव्हन स्पीलबर्ग, जेफ्री कॅट्झेनबर्ग आणि डेव्हिड गेफेन या तिघांनी १९९४ च्या ऑक्टोबरात ही संस्था स्थापन केली. त्यांपैकी कॅट्झेनबर्ग हे पूर्वी दहा वर्षे डिस्ने कंपनीत होते. ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) पासून ‘द लायन किंग’ (१९९४) पर्यंतचे डिस्नेचे मोठे यश त्यांच्याच अमदानीतले. तेथून बाहेर पडल्यावर नव्या घराचा हाताने रेखाटलेला पहिला चित्रपट म्हणून त्यांनी निवडला तो मोशे. निवड धाडसाचीच म्हटली पाहिजे. कारण विनोदी प्राणी आणि राजकन्या यांवाचून कार्टून चालत नाही, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती.

मोशेसाठी त्यांनी काही कमी पडू दिले नाही. यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा तिन्ही धर्मांतील जाणकारांचा सल्ला घेतला. तीन दिग्दर्शक नेमले; त्यांतील ब्रेंडा चॅपमन या बाईंना एखाद्या मोठ्या स्टुडिओचा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री म्हणून मान मिळाला. अशा चित्रपटात एका सेकंदास २४ चौकटी डोळ्यांपुढून जातात. म्हणजे दीड तासाच्या चित्रपटास सुमारे १ लाख ३० हजार चौकटी झाल्या. एवढ्यांसाठी हातांनी चित्रे काढावयाची, तर किती माणसे आणि किती वर्षे लागत असतील याचा विचार वाचकांनीच करावा. तांबडा समुद्र दुभंगतो, पाण्याच्या भिंतीआड मोठा मासा सावलीसारखा सरकतो, ते दृश्य ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. (बाळ मोशेला नदीतून फारोची कन्या काढते असे निर्गमाचे पुस्तक सांगते, चित्रपटात ते काम राणीकडे दिले आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हमखास राणीचे नाव घेतात आणि शिक्षिकांना ते पुन्हा नीट करावे लागते!) चित्रपटाने जगभरात २१ कोटी डॉलरांहून अधिक मिळवले, आणि त्यातील गीतास १९९९ साली ऑस्कर पारितोषिक लाभले.

याच वेळी त्या घरात योसेफाचेही काम चालू होते. परंतु ते चित्रपटगृहांसाठी नव्हते. योसेफ थेट कॅसेटच्या रूपाने दुकानात जावयाचा होता. आमच्या मते त्याच्या पुढील साऱ्या दुर्दैवाचे मूळ येथे आहे.

१९९४ साली डिस्नेने ‘अलादिन’चा पुढील भाग असाच थेट कॅसेटवर काढला. खर्च थोडा, विक्री भरपूर. त्या यशानंतर गाजलेल्या चित्रपटांची स्वस्तात केलेली उत्तरकांडे एकामागून एक दुकानांत येऊ लागली. चित्रे ओबडधोबड आणि कथा उष्टी. परिणाम असा झाला की जो चित्रपट पडद्यावर न येता थेट दुकानात येतो तो शिळ्या अन्नासारखा, असे लोकांच्या मनाने घेतले, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खोटेही नव्हते. शिवाय वृत्तपत्रांचे समीक्षक लिहितात ते मुख्यतः पडद्यावरच्या चित्रपटांविषयी. ऑस्करच्या स्पर्धेत उतरावयाचे तर चित्रपटगृहात प्रदर्शन व्हावेच लागते. रस्त्यावर फलक लागतात तेही पडद्यावर येणाऱ्यांचेच. योसेफाला यांतले काहीच मिळाले नाही. कोणी पाहण्यापूर्वीच त्याच्या कपाळी शिक्का बसला होता.

आता तो चित्रपट आहे तरी कसा? आम्ही तो तीन वेळा पाहिला आहे, आणि पक्षपात न करता सांगतो की तो मोशेच्या तोडीचा नाही. पार्श्वभूमीची चित्रे साधी आहेत, गर्दीच्या प्रसंगी माणसे थोडी दिसतात, आणि सव्वा तासात एवढे मोठे चरित्र बसविताना कथेस धाप लागते. शास्त्राशीही मोकळीक घेतली आहे. योसेफाची पत्नी आसनथ ही ओन नगरीच्या याजकाची कन्या, असे उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायात आहे. चित्रपटात ती पोटीफरची पुतणी होऊन येते. लहानांना दाखविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

परंतु त्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्यांसाठी तो अवश्य पाहावा.

पहिली म्हणजे स्वप्ने. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाची, प्यालेबरदार व आचारी यांची आणि फारोची स्वप्ने थोडक्या शब्दांत येतात, आणि आम्ही ती वाचून दाखवितो तेव्हा मुले सात गाईंवर हसतात. येथे ती स्वप्ने निराळ्याच रीतीने रंगविली आहेत. सारा चित्रपट साध्या रेषांचा. परंतु स्वप्न आले की रंग भोवऱ्यासारखे फिरू लागतात, एखाद्या जुन्या तैलचित्रात जीव यावा तसे. जागेपणी दिसते ते जग निराळे आणि देव दाखवितो ते निराळे, हा भेद एकही शब्द न बोलता लहान मुलाच्या ध्यानी येतो.

दुसरी गोष्ट तुरुंगाची. शास्त्रात योसेफ विकला जातो तेव्हा १७ वर्षांचा आहे आणि फारोपुढे उभा राहतो तेव्हा ३० वर्षांचा. मध्ये १३ वर्षे गेली. त्यांतील कितीतरी गुलामगिरीत आणि बंदिवासात. प्यालेबरदाराने ‘तुझी आठवण करीन’ म्हणावे आणि सुटताच विसरून जावे, त्यालाही पुरती दोन वर्षे लोटली. ही वर्षे चित्रात कशी दाखवावी? येथे एक कोवळे रोप दाखविले आहे. अंधाऱ्या जागी सापडलेल्या त्या रोपाला योसेफ जपतो, आणि एका गीताच्या अवधीत त्याचे झाड होते. आरंभी तो देवाशी भांडतो. गीत संपता संपता त्याचे भांडण संपलेले असते. शास्त्रात हे झाड नाही, पण शास्त्राच्या विरुद्धही नाही. मोशेच्या चित्रपटात समुद्र दुभंगतो, आणि तो पाहून आपण थक्क होतो. परंतु आपल्यापैकी कितीजणांच्या आयुष्यात समुद्र दुभंगतात? पाऊस न आलेले वर्ष, कोर्टात अडकलेली जमीन, परगावी कामास गेलेल्या मुलाचे न आलेले पत्र, यांच्याशी त्या रोपाचेच नाते अधिक जवळचे आहे.

असा चित्रपट निघाला, आणि सहा महिन्यांत, मे २००१ मध्ये, त्याच घरातून ‘श्रेक’ आला. हिरव्या राक्षसाची, परीकथांची थट्टा करणारी, संगणकावर घडविलेली ही कथा. तिने ४८ कोटी डॉलरांच्या आसपास मिळवले, आणि पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटासाठीचे पहिलेवहिले ऑस्करही पटकावले. मग दुसरा श्रेक, तिसरा श्रेक, चौथा श्रेक. यशस्वी अपत्याला भावंडे होत जातात आणि प्रत्येक भावंड थोरल्याची आठवण ताजी ठेवते. योसेफाच्या मागे कोणी आले नाही. त्या घराने हाताने रेखाटलेले आणखी काही चित्रपट केले खरे, पण त्यांची गत बरी झाली नाही. ‘द रोड टू एल डोराडो’ (२०००) वर सुमारे साडेनऊ कोटी खर्च होऊन आठ कोटीही परत आले नाहीत. त्यातील दोघा लबाडांची थोरवी पाहता आम्हांस त्याचे फारसे दुःख नाही. २००३ च्या जुलैत ‘सिंदबाद’ आला तो एका बाजूस ‘फाइंडिंग नीमो’ आणि दुसऱ्या बाजूस ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ यांच्या कात्रीत सापडला. साडेबारा कोटी डॉलरांचे नुकसान झाले, आणि ड्रीमवर्क्सने हाताने रेखाटलेल्या चित्रपटांचा मार्ग सोडून दिला. ज्या घराने कलाच टाकली ते घर त्या कलेतील आपल्या धाकट्या मुलाची आठवण कशाला काढील?

अशी उपेक्षा नवी नव्हे. कॅट्झेनबर्ग डिस्नेत असताना १६ नोव्हेंबर १९९० रोजी ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’ प्रदर्शित झाला. गरुडाच्या पाठीवर बसून उडणाऱ्या मुलाचा तो फार देखणा चित्रपट. त्याच दिवशी ‘होम अलोन’ही आला आणि प्रेक्षकांची रांग तिकडे वळली. पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला पाहून दूरदर्शनवरील जाहिराती काढून घेण्यात आल्या, त्या कॅट्झेनबर्ग यांच्याच निर्णयाने. दोन दिवसांत एका चित्रपटाचा निकाल लागला.

त्याहून मागे गेलो तर डिस्नेचाच ‘पिनोकियो’ १९४० च्या फेब्रुवारीत आला तेव्हा युरोपात महायुद्ध पेटले होते, तेथील बाजार बंद झाला होता आणि चित्रपट तोट्यात गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातील ‘फँटेशिया’चेही तसेच झाले. त्याच्या शेवटी, भुतांची रात्र सरून पहाट होताना, दिवे घेतलेल्या यात्रेकरूंची रांग ‘आवे मारिया’च्या सुरांत झाडीतून जाते. हे दोन्ही चित्रपट आज थोर गणले जातात. का? डिस्नेची रीत अशी होती की काही वर्षे गेली की जुना चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लावावयाचा. नवी मुले, नवे आईबाप, नवी संधी. पिनोकियोला तशी संधी वारंवार मिळाली. कॅसेटवर जन्मलेल्या योसेफाला ती मिळण्याचा मार्गच नव्हता. कॅसेटी गेल्या तेव्हा त्याचे दुकानातले फळकूटही गेले.

येथवर दोष व्यापाऱ्यांचा सांगितला. थोडा आपल्याकडेही येतो. पोप बारावे पायस यांनी ८ सप्टेंबर १९५७ रोजी चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर ‘मिरांदा प्रोर्सुस’ हे परिपत्र काढले. वाईट चित्रपट टाळावे हे तर त्यात आहेच. परंतु चांगल्या चित्रपटांस श्रद्धावंतांनी पाठबळ द्यावे हेही आहे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली हीच गोष्ट पुन्हा सांगितली. पहिली अर्धी शिकवण आपण चांगली पाठ केली. मुलांच्या हातातील मोबाइलबद्दल आमच्याकडे तक्रार घेऊन न आलेले घर धर्मग्रामात क्वचितच असेल. ‘मग काय दाखवावे?’ असे विचारणारी घरे मात्र आम्ही बोटांवर मोजू शकतो.

गेल्या मे महिन्यातील सुट्टीच्या शिबिरात आम्ही सभागृहात पांढरी चादर ताणून योसेफ दाखविला. भाषा इंग्रजी, म्हणून दर प्रसंगापूर्वी थांबवून मराठीत दोन वाक्ये सांगावी लागली. मागील बाकांवरची मोठी मुले प्रथम कुजबुजत होती. भाऊ झगा फाडून रक्तात बुडवितात तेथे कुजबूज थांबली. शेवटी, धान्य मागावयास आलेल्या भावांपुढे योसेफ आपली ओळख देतो तेव्हा पुढे बसलेल्या एका आजीबाईंनी डोळ्यांस पदर लावला; त्यांच्या दोन मुलांत बांधावरून कित्येक वर्षे बोलणे नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मुलांना काय आवडले असे विचारले, तर झग्याचे नाव कोणी काढले नाही. एका मुलाने विचारले, ‘फादर, योसेफ सुटून गेल्यावर त्या झाडाला पाणी कोण घालत असेल?’

प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातील शुक्रवारी मिस्सात उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायाचे वाचन असते. भावांनी योसेफाला चांदीच्या २० नाण्यांस विकल्याचे. येत्या प्रायश्चित्तकाळात त्या संध्याकाळी क्रुसाची वाट झाल्यावर आम्ही हा चित्रपट सभागृहात पुन्हा दाखविणार आहोत. सव्वा तासाचा आहे. लहान मुलांच्या झोपेच्या वेळेआधी संपेल. बाके थोडी आहेत, तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी चटई बरोबर आणावी. दर प्रसंगाची मराठी वाक्ये या खेपेस दहावीच्या दोन मुली वाचणार आहेत.