मंदावलेला संगणक : निदान आणि उपाययोजना

‘संगणक मंद झाला आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी अर्थदृष्ट्या अपुरे आहे. त्यातील ‘मंद’ हे एकच विशेषण परस्परांहून भिन्न अशा निदान चार अवस्थांना लावले जाते. यंत्र सुरू केल्यापासून पहिले अक्षर टंकता येईपर्यंत पाच-सात मिनिटे जावीत, ही एक अवस्था. यंत्र चटकन सुरू होते, परंतु ब्राउझरमधील पंधरा-वीस पाने, एखादा शब्दकोश आणि प्रबंधाचा मसुदा एकाच वेळी उघडले की अडखळू लागते, ही दुसरी. एरवी सर्व सुरळीत असून ध्वनिमुद्रणांच्या विश्लेषणासारखी मोठी गणना मात्र तासन्‌तास चालते, ही तिसरी. आरंभी वेगाने चालणारे यंत्र तापल्यावर सुस्तावते, ही चौथी. तक्रारीचे शब्द चारही प्रसंगी तेच असतात. कारणे मात्र वेगळी, आणि म्हणून बदलावयाचा भागही वेगळा. हा भेद ध्यानात न घेता केलेला खर्च बहुधा व्यर्थ जातो.

१. तीन घटकांचा परस्परसंबंध

घरगुती संगणकाच्या वेगाचा विचार करताना तीन घटक प्रामुख्याने लक्षात घ्यावे लागतात : गणना करणारा प्रोसेसर, चालू कामाची सामग्री तात्पुरती धारण करणारी रॅम, आणि सर्व सामग्री कायम साठविणारी डिस्क. शब्दकोशाचे काम करणाऱ्या संपादकाची उपमा येथे उपयोगी पडेल. संपादक म्हणजे प्रोसेसर. त्याच्या मेजावर पसरलेल्या चिठ्ठ्या म्हणजे रॅम. आणि चिठ्ठ्यांचे कपाट म्हणजे डिस्क. संपादक कितीही चपळ असला, तरी हवी ती चिठ्ठी हाती येईपर्यंत त्याला स्वस्थ बसून राहावे लागते.

ही प्रतीक्षा किती असते, ते आकड्यांवरून स्पष्ट होईल. रॅममधील मजकूर मिळण्यास स्थूलमानाने १०० नॅनोसेकंद लागतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकडी फिरत असते. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पुरा होतो. म्हणजे हवा तो भाग वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक काळ लागतो. त्यात शीर्ष योग्य वर्तुळापर्यंत सरकण्याचा काळ मिळविला म्हणजे एकेका शोधास १२ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. याउलट एसएसडीमध्ये फिरणारा भाग मुळीच नसतो, आणि तेथे हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होते. मेजावरची चिठ्ठी उचलण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर एसएसडीतील चिठ्ठी सुमारे १७ मिनिटांनी आणि हार्ड डिस्कमधील चिठ्ठी सुमारे ३३ तासांनी हाती येते! संगणक सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक चिठ्ठ्या मागविल्या जातात. पहिल्या अवस्थेचे रहस्य बहुतेक वेळा हेच असते.

२. लाभाची मर्यादा

१९६७ साली जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने मांडलेले एक तत्त्व येथे लागू पडते. एखाद्या भागाचा वेग वाढविल्याने एकंदर कामास होणारा लाभ हा त्या कामात त्या भागाचा वाटा जेवढा, तेवढ्यापुरताच राहतो, असा त्याचा आशय आहे. उदाहरणार्थ, यंत्र सुरू होण्यास लागणाऱ्या १०० सेकंदांपैकी ८० सेकंद डिस्कच्या प्रतीक्षेत आणि २० सेकंद प्रत्यक्ष गणनेत जातात असे समजू. प्रोसेसर दुप्पट वेगाचा बसविला, तर १०० सेकंदांचे ९० होतील. त्याऐवजी दसपट वेगाची डिस्क बसविली, तर २८ होतील. प्रश्न ‘अधिक वेगवान काय?’ हा नसून ‘वेळ कोठे जातो?’ हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पदरमोड करावी लागत नाही. विंडोज प्रणालीतील टास्क मॅनेजर प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचा वापर टक्केवारीत दाखवितो. यंत्र अडखळत असतानाच तो पाहावा. डिस्क शंभराच्या घरात आणि प्रोसेसर दहा-वीस टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर दोषी नव्हे. मात्र येथे एक फसगत संभवते, तिचा विचार पुढील परिच्छेदात केला आहे.

३. रॅम

मेजावर जागा उरली नाही, म्हणजे संपादक काही चिठ्ठ्या पुन्हा कपाटात ठेवतो आणि लागतील तशा परत मागवितो. संगणकही हेच करतो. मुख्य स्मृती अपुरी पडल्यास दुय्यम साठ्याचा आधार घेण्याची ही योजना मँचेस्टर येथील अ‍ॅटलस संगणकात १९६२ साली प्रत्यक्षात आली, आणि आजचे घरगुती संगणकही तिच्यावरच चालतात. परिणामी रॅम अपुरी असली, तरी गजबज डिस्कवर दिसते. म्हणून डिस्कबरोबर मेमरीचा आकडाही वाचला पाहिजे. दोन्ही काठोकाठ भरलेले असतील, तर मूळ दुखणे रॅमचे आहे, आणि दुसऱ्या अवस्थेवर उपाय तोच. ४ जीबीवरून ८ जीबीवर गेल्यास पडणारा फरक सामान्य वापरातही जाणवतो. परंतु ८ जीबी पुरत असताना १६ जीबी बसविल्यास वेग वाढत नाही, केवळ मेज मोठे होते.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी पडताळाव्यात. रॅमच्या डीडीआर३, डीडीआर४ व डीडीआर५ या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. त्यांच्या पट्टीवरील खाचाच निराळ्या ठिकाणी असतात. कित्येक लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, तेथे वाढीस वावच नसतो. आणि प्रणाली ३२ बिटांची असेल, तर तिला ४ जीबीपलीकडची रॅम सर्वसाधारणपणे वापरता येत नाही.

४. डिस्क

हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणे हा जुन्या यंत्राच्या बाबतीत बहुधा सर्वांत फलदायी बदल ठरतो. लॅपटॉपमधील अडीच इंची हार्ड डिस्कच्या जागी त्याच आकाराची साटा जोडणीची एसएसडी बसते. या जोडणीची मर्यादा सेकंदास सुमारे ५५० एमबी आहे. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडी याहून कितीतरी पटींनी वेगवान असतात. परंतु रोजच्या कामात तो फरक त्या पटीत जाणवत नाही, कारण डिस्कची प्रतीक्षा एकदा कमी झाली, की उरलेला वेळ इतर घटकांचा असतो. अ‍ॅमडालचे तत्त्व येथेही सुटत नाही. शिवाय जुन्या मदरबोर्डवर एनव्हीएमईची सोय असेलच असे नाही.

तथापि डिस्कच्या बाबतीत वेगाहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. हार्ड डिस्कचा एखादा भाग निकामी होऊ लागला, म्हणजे ती तोच मजकूर पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते, आणि बाहेरून हे केवळ मंदपणासारखे भासते. टकटक असा आवाज येणे, विशिष्ट फाइल उघडतानाच यंत्र थिजणे, ही त्याची चिन्हे होत. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदही ठेवीत असते. ‘स्मार्ट’ नावाची ही नोंद मोफत मिळणाऱ्या साधनांनी वाचता येते, आणि तीत निकामी म्हणून बाजूला काढलेल्या भागांची संख्या वाढत असल्यास धोका जवळ आला असे समजावे. अशा वेळी वेगाचा विचार बाजूस ठेवून प्रथम मजकुराची प्रत करावी. क्षेत्रकार्यात मिळविलेली एखाद्या वृद्ध निवेदकाची ध्वनिमुद्रणे त्या डिस्कवर असतील, आणि तो निवेदक आज हयात नसेल, तर नवा संगणक घेता येईल. ते बोलणे पुन्हा मिळणार नाही. तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा रूढ नियम अशा सामग्रीच्या बाबतीत कमीत कमी मानावा. एसएसडी बसविल्यानेही ही जबाबदारी संपत नाही. एसएसडी पुष्कळदा कोणताही आवाज वा पूर्वसूचना न देता बंद पडते, आणि तिच्यावरून पुसलेला मजकूर परत मिळविणे हार्ड डिस्कच्या मानाने कठीण असते.

५. उष्णता आणि प्रोसेसर

चौथ्या अवस्थेचे कारण पुष्कळदा धूळ हे असते. पंख्याच्या जाळीत धूळ साचली, अथवा प्रोसेसर व त्यावरील धातूचा ठोकळा यांमधील उष्णतावाहक लेप सुकला, की उष्णता बाहेर पडत नाही. आणि प्रोसेसर स्वतःस जपण्यासाठी आपली गती उतरवितो. येथे नवा भाग घेण्याचे कारण नाही. सफाई करून नवा लेप लावणे पुरेसे होते.

तिसऱ्या अवस्थेत मात्र दोष प्रोसेसरकडेच जातो. तेव्हाही आकड्यांचा अर्थ जपून लावावा. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर एकच गाभा वापरणारा कार्यक्रम पूर्ण ताकदीने चालला, तरी एकंदर वापर २५ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. लॅपटॉपमधील प्रोसेसर बहुधा बदलता येत नाही. टेबलावरील संगणकात तो बदलावयाचा, तर मदरबोर्ड आणि रॅमही बदलण्याची पाळी अनेकदा येते. या टप्प्यावर सुधारणा संपते आणि नवी खरेदी सुरू होते.

६. सुधारणा कोठवर करावी?

वेगवान झालेले यंत्र सुरक्षित असतेच असे नाही. विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ही प्रणाली प्रोसेसर ठराविक पिढीचा असण्याची आणि टीपीएम २.० या सुरक्षासोयीची अट घालते. जुन्या यंत्रावर कितीही रॅम व एसएसडी बसविली, तरी ही अट पुरी होत नाही. अशा यंत्रावर लिनक्स प्रणाली चालविण्याचा मार्ग उरतो, आणि लेखन, वाचन व संशोधनाच्या पुष्कळशा कामांस ती पुरते. मात्र हा निर्णय खर्चानंतर नव्हे, खर्चापूर्वी झाला पाहिजे.

सारांश, उपायांचा क्रम असा लागतो : प्रथम मजकुराची प्रत, मग टास्क मॅनेजरचे निरीक्षण, त्यानंतर धुळीची सफाई, नंतर निदानानुसार एसएसडी किंवा रॅम, आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर. यांपैकी पहिल्या दोहोंना पैसे जवळजवळ लागतच नाहीत, आणि नेमक्या त्याच पायऱ्या सामान्यतः गाळल्या जातात. ‘मंद’ या शब्दाने नेमके काय सांगावयाचे आहे हे तक्रारकर्त्याने आधी स्वतःशी ठरविले, तर अर्धा उपचार तेथेच झालेला असतो.