नाव झाका, पण लिहा!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, रागावू नका. तुमच्या कपाटात साड्यांच्या घड्यांखाली किंवा जुन्या ट्रंकेत एखादी वही आहे का? लग्नाआधी लिहिलेल्या चार कविता, बाळंतपणाला माहेरी गेल्यावर लिहिलेली एखादी गोष्ट, आजेसासूबाईंच्या तोंडून उतरून घेतलेल्या ओव्या? असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठीच आहे. माझी अशी वही राजापेठेतल्या आमच्या घरात गव्हाच्या कोठीमागे तीस वर्षं पडून होती. ती बाहेर काढायला लावली परक्या देशातल्या एका लाकडी खुर्चीने. कशी, ते सांगते.

पोरगं वेल्श बोललं!

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मी लेकीकडे कार्डिफला होते. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला हा डोंगरांचा, मेंढ्यांचा आणि सततच्या पावसाचा मुलूख. तिथल्या लोकांची स्वतःची भाषा आहे, वेल्श. मराठी आणि बंगाली निदान बहिणी तरी आहेत. वेल्श आणि इंग्रजी तेवढ्याही जवळच्या नाहीत. पण वेल्समधल्या शाळांत सोळा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला ती शिकावीच लागते.

माझा नातू तेव्हा आठ वर्षांचा. एका संध्याकाळी त्याने दिवाणखान्यात उभं राहून शाळेत शिकवलेली वेल्श कविता हातवारे करून म्हणून दाखवली. मी कौतुकाने टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, "आता आजीला मराठीतली एखादी म्हणून दाखव, राजा."

पोरगं आईच्या तोंडाकडे पाहू लागलं. त्याला मराठीत 'पाणी दे' एवढंही धड म्हणता येत नव्हतं.

लेकीने मान खाली घातली. पण खरं सांगू? दोष तिचा नव्हता, माझा होता. तिला शाळेत घातलं तेव्हा तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "घरीसुद्धा इंग्रजीतच बोला." मी ते वेदवाक्य मानलं. ती 'पाणी' म्हणाली की मी 'वॉटर म्हण' म्हणून दटावायची. पाहुण्यांसमोर तिच्या इंग्रजीचं प्रदर्शन मांडायची. जे पेरलं तेच नातवाच्या तोंडी उगवलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

बैठक मोठी, मान शब्दाचा

त्याच आठवड्यात कार्डिफमध्ये वेल्श लोकांचा राष्ट्रीय उत्सव भरला होता. त्याचं नाव आयस्टेदवॉड. उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ अगदी घरचा आहे. 'बसणे' या अर्थाच्या वेल्श शब्दापासून तो आला आहे. म्हणजे आपली बैठकच म्हणा ना! हा उत्सव दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरतो, साधारणपणे एका वर्षी उत्तर वेल्समध्ये, तर पुढच्या वर्षी दक्षिणेत. एरवी मोठ्या मैदानावर तंबू पडतात. त्या वर्षी मात्र कार्डिफच्या खाडीकाठी, शहरातच तो मांडला होता. कुंपण नाही, आवारात शिरायला तिकीट नाही. गाणी, समूहगान, नाटकं, पुस्तकांची दुकानं, लहान मुलांचे खेळ, सगळं वेल्शमध्ये. माझ्यासारख्या अडाण्यांसाठी कानाला लावायचं यंत्र देतात, त्यातून इंग्रजी भाषांतर ऐकू येतं.

पण खरी गंमत आहे ती लेखनाच्या स्पर्धांची. मोठे मान तीन. मुक्त रचनेच्या कवितेला मुकुट, गद्याला पदक आणि जुन्या, कडक नियमांच्या छंदातल्या कवितेला खुर्ची. त्या छंदात नुसतं यमक जुळवून भागत नाही, ओळीतल्या व्यंजनांचाही ठरावीक मेळ बसवावा लागतो. खुर्ची दरवर्षी नवीन घडवतात, आणि जिंकणारा ती घरी नेतो.

नियम मोठा छान आहे. लिखाणावर स्वतःचं नाव घालायचं नाही, टोपणनाव घालायचं. खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात. परीक्षकांना कळत नाही की लिहिणारा प्राध्यापक आहे, मेंढपाळ आहे की चार पोरांची आई. सभागृहात निकाल वाचतात तेव्हा कोणाचं काय चुकलं तेही टोपणनाव घेऊन सांगतात. लायकीचं काहीच आलं नसेल तर खुर्ची कोणालाच देत नाहीत. मग विजेत्याचं टोपणनाव पुकारलं जातं, तुताऱ्या वाजतात, आणि हजारो लोकांत तो एकटा उभा राहतो. दिव्याचा झोत त्याला शोधत येतो. त्याला मानाने व्यासपीठावर नेतात. तलवार म्यानातून अर्धीच काढून तीनदा विचारतात, "शांती आहे का?" आणि सारं सभागृह तीनदा ओरडतं, "शांती!" मग तलवार पुन्हा म्यानात जाते आणि कवी खुर्चीवर बसतो.

मैत्रिणींनो, माझ्या अंगावर काटा आला. कविता लिहिणाऱ्यासाठी असा राज्याभिषेक मी कधी पाहिला नव्हता.

लेकीने मग १९१७ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी टोपणनाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, तरी कोणी उठेना. खुर्ची जिंकणारा हेद विन हा ट्रॉसव्हनिद गावचा मेंढपाळ, पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये ३१ जुलैलाच मारला गेला होता. निकाल लागला सप्टेंबरमध्ये. रिकाम्या खुर्चीवर काळं वस्त्र घातलं आणि ती तशीच त्याच्या आईवडिलांच्या घरी पोचवली. आजही ती त्या घरात जपलेली आहे.

एक वर्ष आधी दवंडी

ही प्रथा आजची नाही. ११७६ साली कार्डिगनच्या किल्ल्यात रीस नावाच्या वेल्श राजाने असा मेळा भरवला होता. एक खुर्ची कवीला, एक वादकाला. त्याची दवंडी एक वर्ष आधी वेल्समध्येच नाही, तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्येही पिटवली होती. लिहायला वेळ मिळाला पाहिजे ना!

मधल्या काळात मात्र या भाषेचे फार हाल झाले. १८४७ साली सरकारी अहवालात छापलं गेलं की वेल्श भाषेमुळे लोक मागास राहिले. एवढ्यावर न थांबता वेल्श बायकांच्या चालचलणुकीवरही त्यात शिंतोडे उडवले. शाळेत मूल वेल्श बोललं तर शिक्षा म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवायचे. मला माझं 'वॉटर म्हण' आठवलं. मी लेकीच्या गळ्यात पट्टी नव्हती घातली, पण वेगळं तरी काय केलं होतं?

त्या अपमानानंतर चौदा वर्षांनी, १८६१ साली, अॅबरडेअरला पहिला राष्ट्रीय आयस्टेदवॉड भरला. आणि १८६५ मध्ये दीडशेच्या आसपास वेल्श माणसं 'मिमोसा' नावाच्या जहाजात बसून थेट दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाच्या पातागोनियात राहायला गेली. आपली भाषा निर्धास्त बोलता यावी म्हणून! ओसाड रानात कालवे खोदून त्यांनी शेती केली, आणि बैठकही सोबत नेली. आजही तिकडे चुबुत प्रांतात आयस्टेदवॉड भरतो, वेल्शबरोबर स्पॅनिशमध्येही स्पर्धा होतात, आणि कवीला खुर्ची मिळते. १९९७ पासून त्यांच्यासाठी वेल्समधून शिक्षक पाठवण्याची योजनाही सुरू झाली.

आता हिशेब करा. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे भरले ५ लाख ३८ हजार. २०११ साली नुसत्या आपल्या अमरावती शहराची वस्ती होती ६ लाख ४७ हजार! आणि मराठी ही मातृभाषा सांगणारे त्याच वर्षी देशात होते ८ कोटी ३० लाख. एवढं मोठं घर असून कोठी रिकामी राहिली, तर दोष कोणाचा?

आपणही काही कमी नाही

तुम्ही म्हणाल, "आपल्याकडे साहित्य संमेलन आहे की!" आहेच. १८७८ साली पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली सुरुवात झाली. आपल्या वऱ्हाडाचा त्यात मोठा वाटा आहे. १९१२ साली अकोल्याच्या संमेलनाचे अध्यक्ष होते हरि नारायण आपटे. १९८१ साली पुन्हा अकोल्यालाच गो. नी. दांडेकर होते, आणि १९८९ साली आपल्या अमरावतीत के. ज. पुरोहित. विदर्भ साहित्य संघाची स्थापनासुद्धा १९२३ साली अमरावतीतच झाली.

परदेशातही मराठी माणूस गप्प बसला नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. विश्व मराठी साहित्य संमेलन २००९ साली अमेरिकेत सॅन होजेला, २०१० साली दुबईला आणि २०११ साली सिंगापूरला भरलं. परदेशातली मंडळं दिवाळी अंक काढतात, कथा-कविता मागवतात. त्यात आपल्या लेकी-सुना, नातवंडं लिहितात का, ते आपण कधी विचारतो? फोनवर "जेवलीस का, थंडी आहे का" झालं की आपला फोन संपतो.

आणि बायकांचं म्हणाल, तर दोन्हीकडे सारखीच कहाणी. आयस्टेदवॉडचा मुकुट पहिल्यांदा बाईच्या डोक्यावर चढला १९५३ साली, डिलिस कॅडवॉलडर यांच्या. खुर्चीवर पहिली बाई बसली ती २००१ साली, मेरेरिद हॉपवुड. आपल्या संमेलनाला पहिल्या अध्यक्षा मिळायला १९६१ साल उजाडलं. ग्वाल्हेरच्या त्या संमेलनाच्या अध्यक्षा कुसुमावती देशपांडे. त्यांचा जन्म कुठला, माहीत आहे? आपल्या अमरावतीचा, १९०४ सालचा! लंडनला जाऊन त्या इंग्रजी साहित्य शिकल्या आणि मराठीत लिहीत राहिल्या. मग दुर्गाबाई भागवत (१९७५), शांताबाई शेळके (१९९६), विजयाबाई राजाध्यक्ष (२००१), अरुणाताई ढेरे (२०१९) आणि ताराबाई भवाळकर (२०२५). मोजून सहा.

आमच्या भिशीतली खुर्ची

परत आल्यावर मी आमच्या भिशीत हे सारं सांगितलं. म्हटलं, आपणही एक खुर्ची ठेवू. शेजारच्या काकू, वय वर्षं सत्तर, शिक्षण चौथी पास, लगेच म्हणाल्या, "मी कायले लिवू वं माय? आपलं कोन वाचते?" बाकीच्या हसल्या. पण २०१९ च्या दिवाळीनंतर आमची पहिली बैठक झाली. कशी केली ते देते, तुम्हालाही करता येईल.

● विषय निदान सहा महिने आधी सांगा. आमचा होता, 'सासरचं पहिलं वर्ष'. परदेशातल्या मुलांसाठी वेगळा आणि सोपा विषय ठेवा.

● दोन पाकिटं घ्या. एकात लिखाण आणि टोपणनाव. दुसऱ्यात खरं नाव, वर फक्त टोपणनाव. ते चिकटवून टाका. अक्षर ओळखीचं असतं, म्हणून सगळं लिखाण एकाच मुलीकडून उतरवून किंवा टाइप करून घ्या.

● दोन पानांची मर्यादा घाला. लांबण लागली की ऐकणारीचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे जातं.

● परीक्षक गल्लीबाहेरच्या बोलवा. शाळेतल्या निवृत्त बाई उत्तम. चुका सांगायच्या, पण टोपणनावाला.

● वऱ्हाडी बोलीत लिहिलं तर गुण कापू नका.

● खुर्ची घरचीच घ्या. धुऊन-पुसून तिला झेंडूचा हार घाला.

नाव झाकल्याचा फायदा काय झाला सांगू? सुनेचं लिहिणं सासूने ऐकलं आणि "कोन्या बिचारीचं आहे वं हे!" म्हणून डोळे पुसले. समोरासमोर जे दहा वर्षांत बोलता आलं नव्हतं, ते टोपणनावाने बोललं गेलं.

शेवटी निकाल लागला. टोपणनाव पुकारलं, 'जातं'. कोणी उठेना. पुन्हा पुकारलं. माझ्या छातीत उगाच धस्स झालं. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "मीच आहो वं बाई." शेजारच्या काकू! नवी नवरी असताना किराण्याच्या पुड्यांचे कागद त्या चुलीमागे लपून वाचायच्या, ते त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून काढलं होतं. हाराच्या खुर्चीत बसल्या, आणि कितीतरी वेळ पदर तोंडाशी धरून नुसत्या बसून राहिल्या. मग आम्ही गिला वडा खाल्ला.

मुलांच्या गठ्ठ्यात एक पाकीट कार्डिफहून आलं होतं. आईने आखून दिलेल्या रेघांवर, वाकड्यातिकड्या अक्षरांत सात ओळी, आजीबद्दल. शुद्धलेखनाच्या अकरा चुका. बक्षीस मिळालं नाही, मिळायलाही नको होतं. पण टोपणनाव वाचलं आणि मला पुढे वाचवेना. त्याने स्वतःसाठी नाव निवडलं होतं, 'पाणी'.

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारी भांडी आवरली की ती वही काढा. परदेशातल्या लेकीला, सुनेला, नातवाला विषय कळवा आणि लिहायला सहा महिने द्या. दवंडी तुम्हीच पिटायची आहे. नाव हवं तर झाका, पण लिहा!