विहिरीवरील विजेचा हिशेब

शेतकरी बंधूंस शेतसारा, व्याज व बियाणें यांचा हिशेब तोंडपाठ असतो. परंतु पंपाच्या विजेचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसुलाच्या वह्या लिहिण्यांत गेली. तरी स्वतःच्या विहिरीवरची मोटर एकाच उन्हाळ्यांत दोनदां जळेपर्यंत त्यासहि ही बुद्धि झाली नाहीं. वस्तुतः या हिशेबास गुणाकार व भागाकार येणें एवढेंच पुरें आहे.

उंचावरील टाकीचें उदाहरण घ्यावें. टाकी जितकी उंच तितका पाण्यास दाब अधिक. नळांतून वाहतें तें पाणी म्हणजे प्रवाह. आणि नळ जितका लांब व अरुंद तितका त्यास अडथळा अधिक. विजेचेंहि तसेंच आहे. तिचा दाब व्होल्टांत, प्रवाह अँपिअरांत व अडथळा, म्हणजे रोध, ओहमांत मोजतात. ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं या तिहींचा संबंध प्रसिद्ध केला. दाबास प्रवाहानें भागिलें म्हणजे रोध निघतो. दाबास प्रवाहानें गुणिलें म्हणजे शक्ति निघते. शक्तीचें माप वॉट. एक हजार वॉट एक तास खर्चिले म्हणजे बिलांतील एक युनिट होतें.

विजेची शेगडी २३० व्होल्टांवर ५ अँपिअर घेत असेल, तर तिचा रोध ४६ ओहम व शक्ति ११५० वॉट होय. चालत्या मोटरीस मात्र हा नियम इतका सरळ लागत नाहीं. तिची खरी शक्ति गुणाकाराहून कमी भरते. परंतु मोटरीपर्यंत नेलेल्या तारेस तो चांगला लागू पडतो, व आमची चूक तारेंतच होती.

आमची विहीर घरापासून २०० मीटरांवर. एका अश्वशक्तीच्या मोटरीस अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार नेली होती. जाण्यायेण्याची मिळून तार ४०० मीटर. पंप चालू असतां जाणत्या वायरमननें मोजलें, तेव्हां घरीं २१० व्होल्ट, विहिरीवर १८६, व प्रवाह ८ अँपिअर. म्हणजे २४ व्होल्ट वाटेंतच गेले. चोविसास आठांनीं भागितां तारेचा रोध ३ ओहम. चोविसास आठांनीं गुणितां १९२ वॉट, पाण्याचा एक थेंबहि न चढवितां, नुसती तार तापविण्यांत खर्च!

याहून मोठी हानि मोटरीची. पाणी तितकेंच उपसावयाचें, पण दाब अपुरा. म्हणून मोटर प्रवाह अधिक ओढते. प्रवाह दुप्पट झाला कीं वेटोळ्यांतील उष्णता चौपट होते, आणि अखेर वेष्टन जळतें.

पुढें आम्हीं सहा चौरस मिलिमीटरांची तार घातली. तिचा रोध सुमारें सव्वा ओहम. तितक्याच प्रवाहास घट १० व्होल्ट व नुकसान ८० वॉट. रोज सहा तास पंप चालल्यास शंभर दिवसांत सुमारें ६७ युनिटें वांचतात. ही बचत बेताचीच. परंतु ऐन उन्हाळ्यांत मोटर बंद पडून उभें पीक वाळतें, त्याचा हिशेब कोणी मांडावा?

सबब, तार घेण्यापूर्वीं अंतर मोजावें, रोध काढावा, त्यास प्रवाहानें गुणावें, व मगच दुकानाची पायरी चढावी. मोजमाप मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करवावें. हिशेबाची चूक खोडतां येते, विजेची येत नाहीं.