माती कुंपणाच्या आत, माती कुंपणाबाहेर

गोल्फचे मैदान नैसर्गिक कुरणासारखे दिसत असले, तरी ते बहुतांशी पोकलेन आणि जेसीबीने घडवलेले असते. अठरा होलच्या मैदानाला साधारणपणे ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. तिच्यावर उंचवटे रचले जातात, तळी खोदली जातात आणि ज्या गुळगुळीत हिरवळीवर चेंडू खळीत घालायचा, त्या ‘ग्रीन’खाली खडीचा थर व त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूमिश्रित माती अंथरली जाते. एवढी उलथापालथ करण्यासाठी परवानगी कोणाची घ्यायची, हा प्रश्न देवळाली कॅम्पसारख्या ठिकाणी विशेष गुंतागुंतीचा ठरतो, कारण तेथे लष्करी छावणीची हद्द एका बाजूला नाशिक महापालिकेशी, दुसऱ्या बाजूला भगूर नगरपरिषदेशी आणि इतरत्र ग्रामपंचायतींशी भिडते.

छावणीतील जमिनीची नोंद सात-बाऱ्यावर नव्हे, तर ‘जनरल लँड रजिस्टर’ या वेगळ्या नोंदवहीत पाहावी लागते. १९३७च्या छावणी जमीन प्रशासन नियमांनी जमिनीचे वर्ग ठरवले: ए-१ म्हणजे लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातील जमीन, बी-३ म्हणजे जुन्या अनुदानाने खासगी ताब्यात आलेली, जिच्यावर जुने बंगले उभे आहेत अशी जमीन, आणि सी म्हणजे छावणी परिषदेकडे सोपवलेली जमीन. बांधकामाची मंजुरी २००६च्या कॅन्टोन्मेंट कायद्यानुसार परिषद देते. परंतु जमिनीचा मालक केंद्र सरकार असेल, तर संरक्षण संपदा अधिकाऱ्याचे मतही निर्णायक ठरते. लष्करी गोल्फ मैदानांचा प्रश्न याच वर्गवारीमुळे राष्ट्रीय चर्चेत आला. संरक्षण जमिनींच्या व्यवस्थापनावरील २०१०-११च्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ए-१ वर्गाच्या सुमारे ८ हजार एकरांवर ९७ गोल्फ मैदाने चालत असल्याकडे लक्ष वेधले होते.

जमीन कोणाचीही असो, माती उचलण्याचा प्रश्न मात्र महसूल खात्याशी निगडित असतो. माती व मुरूम ही ‘गौण खनिजे’, म्हणजे ज्यांच्या उत्खननाचे नियम राज्याने करायचे अशी खनिजे असून, त्यांवर स्वामित्वधन, म्हणजे रोजच्या भाषेत रॉयल्टी, आकारली जाते. मोजमाप ब्रासमध्ये होते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. ४० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे उभ्या कडांचे तळे खोदले, तर ३,६०० घनमीटर, म्हणजे जवळपास १,२७० ब्रास माती निघते. ब्रासला ६०० रुपये दर धरला, तर रॉयल्टीच साडेसात लाखांच्या वर जाते आणि पाच ब्रासच्या हायवा डंपरच्या अडीचशे खेपा होतात.

ही माती त्याच जागेतील उंचवट्यांसाठी वापरली, तर हिशेब बदलतो. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी स्पष्ट केले की, पायासाठी खोदलेली माती आपोआप गौण खनिज ठरत नाही. तिचा वापर कशासाठी झाला, हे पाहावे लागते. त्यानंतर २०१५मध्ये राज्याने आपल्या नियमांत दुरुस्ती करून, भूखंड विकसित करताना निघालेली व त्याच भूखंडावर सपाटीकरणासाठी वापरलेली माती रॉयल्टीतून वगळली. तीच माती डंपरमधून कुंपणाबाहेर गेली की वाहतूक परवाना लागतो, आणि तो नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो व वाहनही जप्त होते. म्हणून किती खोदायचे व किती भरायचे याचा ताळेबंद मांडणारा नकाशा हाच अशा कामाचा सर्वांत महत्त्वाचा कागद होय, आणि तो यंत्रे येण्यापूर्वी तयार व्हायला हवा. पंचनामा झाल्यानंतर केलेल्या मोजणीवर कोणाचाही विश्वास बसत नाही.

तळ्याच्या बाबतीत मातीच्या जोडीला पाणीही विचारात घ्यावे लागते. बांध घालायचा झाल्यास आत चिकण काळ्या मातीचा गाभा, ज्याला अभियंते ‘हार्टिंग’ म्हणतात, आणि बाहेरून मुरमाचे ‘केसिंग’ ही महाराष्ट्रातील रूढ पद्धत आहे, कारण काळी माती पाणी अडवते, पण उघडी राहिली तर उन्हाने भेगाळते. पुरेशा रुंदीचा सांडवा नसेल, तर पहिल्याच जोरदार पावसात बांधावरून पाणी जाऊन तो फुटतो. नदीलगतच्या कामात जलसंपदा विभागाची पूररेषाही पाहावी लागते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा बांधकामास निषिद्ध मानला जातो.

यांपैकी प्रत्येक कार्यालय आपापला तुकडा तपासते, परंतु मोकळी पडलेली माती पावसाळ्यात कोठे जाईल, याची जबाबदारी सहसा कोणाच्याच टेबलावर येत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. देवळालीचे पाणी दारणेत, दारणेचे दारणासांगवीजवळ गोदावरीत आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात जाते, जो महाराष्ट्रातील पहिला रामसर पाणथळ प्रदेश आहे आणि ज्यात गाळ साचण्याची समस्या जुनीच आहे. परवान्यातच खोदकाम मेअखेर थांबवण्याची, उघड्या उतारांवर गवत लावण्याची आणि प्रवाहाच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा ठेवण्याची अट घातली, तर खर्च फारसा वाढत नाही. छावण्यांचे नागरी भाग लगतच्या नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची प्रक्रिया सुरू असताना नव्या यंत्रणांनी ही अट पहिल्याच अर्जापासून लावणे शक्य आहे.